दोनशे शिफारशी आणि एक चरक

“ह्यात आमी कुठं हाय?” तात्यांनी स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

स्क्रीनवर सर्च इंजिनाचं बारावं पान होतं. मी इंग्रजीत ‘शुगरकेन क्रशर’ असं टाईप केलं होतं. ब्राझीलचे कारखाने येऊन गेले, चीनचे येऊन गेले, कुठल्याशा बारमधलं लिंबं पिळायचं यंत्रसुद्धा येऊन गेलं. तात्या काही आले नाहीत. एकेक पान उघडायला मोडेम दीड मिनिट घ्यायचा. त्यामुळे आम्ही दोघं अर्धा तास शेजारी शेजारी बसून ब्राझील बघत होतो.

“पुढं बघा की.”

“पुढं नाही, तात्या. असतो तर एव्हाना दिसलो असतो.”

“मग दोन महिन्यामागं आमी पेढं कशाचं वाटलं?”

पेढे वेबसाईटचेच वाटले होते, आणि वेबसाईट मी केली होती.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर क्लासमधली शिकवण्याची नोकरी सोडून मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली होती. एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि बाहेर ‘वेबसाईट तयार करून मिळेल’ असा बोर्ड. बोर्ड वाचून लोक वर यायचे आणि जन्मतारखेवरून पत्रिका काढून मिळेल का विचारायचे. तात्या मात्र खरोखर वेबसाईटसाठी आले होते. उद्यमनगरात त्यांचा आजोबांपासूनचा कारखाना. तिथं गुऱ्हाळाला लागणारे उसाचे चरक बनायचे. चरक म्हणजे रस काढायचं यंत्र. त्याचे लोखंडी भाग ओतायला कारखान्यातच मागच्या बाजूला स्वतःची भट्टी होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की लेथवर कातून घ्यायचं.

ती भट्टीच आता विझायला आली होती. तात्यांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, न लाजता.

“गुऱ्हाळं बंद पडाल्यात, मॅडम. समदा ऊस साखर कारखान्याला चाललाय. नवा चरक कोण घेतंय? लेथवरची किरकोळ कामं मिळत्यात, त्यावर निम्मा कारखाना चालंल. भट्टी न्हाय चालायची. भायेरचं गिऱ्हाईक मिळालं तर बघायचं. न्हायतर खंडेनवमीला भट्टीची पूजा करायची, नारळ फोडायचा आन् तितंच थांबायचं.”

भट्टीवर आठ माणसं होती. त्यांचे म्होरके जोती मिस्त्री. साठीला आलेला माणूस, वाळूचा साचा नुसत्या तळहातानं दाबून घट्ट की सैल ते सांगायचा. माझे वडील, आमचे आण्णा, असेच एका भट्टीवर ओतकाम करायचे. ती भट्टी बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. पुढची तीन वर्षं आण्णा रोज सकाळी आठला डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि काम शोधून संध्याकाळी परत यायचे. त्यामुळे तात्या ‘तितंच थांबायचं’ म्हणाले तेव्हा मला आण्णांचा तो डबा आठवला. त्या दिवशी मी जरा जास्तच आत्मविश्वासानं म्हणाले, “तात्या, एकदा साईट झाली की जगातून गिऱ्हाईक येईल.”

ते वाक्य मला पुढं बरेच दिवस नडलं.

साईट केल्यावर जग आपोआप येत नाही. गावात दुकान टाकलं पण पोस्टमनला पत्ताच ठाऊक नाही, अशी ती गत असते. सर्च इंजिनला आपली साईट आहे हे कळवावं लागायचं. तेव्हा दोन प्रकार होते. एका प्रकारात फॉर्म भरला की कंपनीचा ‘रोबो’ साईटवर यायचा. हा म्हणजे नुसता प्रोग्रॅम, हातपाय काही नाहीत. तो पानावरची अक्षरं वाचून न्यायचा आणि आपल्या यादीत टाकायचा. दुसरा प्रकार डिरेक्टरीचा. तिथं खरी माणसं एकेक साईट उघडून बघायची, पसंत पडली तर योग्य सदराखाली एका ओळीच्या वर्णनासह नोंद करायची. ही माणसं बहुतेक हौशी, पगाराशिवाय काम करणारी. पण डिरेक्टरीत नाव आलं की बाकीची सर्च इंजिनंही तुम्हाला मोजायला लागायची. म्हणून सगळ्यांचा डोळा डिरेक्टरीवर.

त्या दिवशी ब्राझील बघून झाल्यावर मी तात्यांसमोरच सगळे फॉर्म पुन्हा तपासले. रोबोवाल्यांचे भरलेले होते. डिरेक्टरीचा राहिला होता, तो भरला. तात्या खिशातली डायरी काढून काहीतरी लिहून घेत होते. मला वाटलं, तारीख लिहीत असतील.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता थांबायचं. महिना-दीड महिना लागतो.”

“कोन बघतंय हे? त्यास्नी भेटायला लागंल का?”

“परदेशात असतात ते, तात्या.”

“फोन? वळख काढूया की. आमच्या साडूचा पोरगा अमेरिकेला हाय.”

“ओळखीनं होत नाही हे.”

“कोल्लापुरात ओळखीनं होत न्हाय असं एक काम दाखवा मला.”

मला हसू आलं आणि कंटाळाही आला होता. त्या भरात मी बोलून गेले, “लोकांना साईट आवडली पाहिजे, तात्या. जेवढ्या जास्त लोकांना आवडेल तेवढं चांगलं.” तात्यांनी मान डोलावली, डायरी खिशात टाकली आणि जिना उतरून गेले. एवढ्या शांतपणे ते कधी जात नसत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चौथ्या दिवशी डिरेक्टरीकडून ई-मेल आला. इतक्या लवकर उत्तर येत नसतं, म्हणून मी आनंदानं उघडला. लिहिणाऱ्या बाईंचं नाव हेलन. कॅनडात राहणाऱ्या, लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, शेतीची अवजारं आणि यंत्रं हे सदर त्यांच्याकडे. त्यांनी अगदी सभ्य शब्दांत लिहिलं होतं की तुमच्या एका साईटसाठी दोन दिवसांत दोनशेच्या वर अर्ज आले आहेत. आमच्या नियमाप्रमाणे हा अर्ज तूर्त बाद केला आहे. पुढं लिहिलं होतं, की मी त्यातले बरेचसे अर्ज वाचले. मालक फार चांगले गृहस्थ आहेत याबद्दल माझी खात्री पटली आहे. पण ते विकतात काय, हे मला साईट बघूनही कळलं नाही.

नमुन्यादाखल त्यांनी काही अर्ज खाली जोडले होते. फॉर्ममध्ये ‘साईटचं वर्णन’ असा एक रकाना असायचा. एकानं त्यात मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, ‘तात्या यांनी आमच्या तालमीला मॅट दिली. कृपया घ्या.’ दुसऱ्यानं, ‘शंभर नंबरी माणूस. शब्दाला पक्का.’ तिसऱ्यानं, ‘मी त्यांच्या चुलत मेहुण्याचा व्याही. गॅरंटी माझी.’ आणि एकानं सगळं वर्णन गाळून नुसतं ‘काम झालेच पाहिजे’ असं लिहिलं होतं, पुढं तीन उद्गारचिन्हं.

मी स्कूटर काढली आणि थेट उद्यमनगर गाठलं. तात्या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. समोर चहा होता.

“या, या मॅडम! आलं का नाव?”

“तात्या, तालमीतल्या माणसांना फॉर्म भरायला तुम्ही सांगितलं?”

“व्हय की! तुमीच म्हनलासा, जितकी मानसं तितकं बरं. पत्ता मी डायरीत लिवून घेतलाच हुता. आख्खी तालीम गेलती बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत. दोन दिवस त्या कॅफेवाल्यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं न्हाय. शेजारच्या तालमीनं बी पन्नास भरलं. त्यांचं आमचं पटत न्हाय, तरी भरलं!”

त्यांचा चेहरा इतका फुलला होता की क्षणभर मला सांगवेना. मग कॅनडाच्या हेलनबाईंचं पत्र सांगितलं. अर्ज बाद झालाय. ज्या साईटसाठी एवढे अर्ज येतात ती लबाडाची आहे असं ते लोक समजतात. पुन्हा असं झालं तर कायमचं नाव काळ्या यादीत जाईल.

“बाद?” तात्या उठून उभे राहिले. “दोनशे मानसं पाठीशी हायत आन् बाद? हितं इलेक्शनला एवढी मानसं मिळत न्हाईत!”

“हे इलेक्शन नाही, तात्या!”

मी मोठ्यानं ओरडले. आत लेथ थांबले. खंडेनवमीला जेमतेम अडीच महिने उरले होते, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही. मग तात्या खाली बसले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. कोल्हापुरात भांडण मिटलं असं तोंडानं कुणी म्हणत नाही.

चहा पिता पिता मला हेलनबाईंचं शेवटचं वाक्य पुन्हा आठवलं. विकतात काय? हा काय प्रश्न झाला? मी परत येऊन साईट उघडली आणि पहिल्यांदाच ती परक्या माणसासारखी बघितली.

पहिल्या पानावर देवीचा फोटो. खाली ‘श्री प्रसन्न’. मग फेट्यातले आजोबा, मग टोपीतले वडील, मग तात्या. दुसऱ्या पानावर कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन. तिसऱ्यावर हितचिंतकांची नावं. चौथ्यावर पत्ता आणि फोन. हा सगळा मजकूर तात्यांनी दिलेला. शेडच्या उद्घाटनाला छापलेल्या पुस्तिकेची पानं मी जशीच्या तशी स्कॅन करून चिकटवली होती. मला तेव्हा फार सुबक वाटली होती ती. अकरा फोटोंपैकी एकात चरक होता. तोही हार घातलेल्या पाहुण्यांच्या मागं. त्याचं निम्मं चाक दिसत होतं.

उसाचा चरक हे दोन शब्द साईटवर कुठंच नव्हते. त्यात भर म्हणजे पानंच्या पानं स्कॅन केलेली. रोबोला फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणजे माणसाला कळत नव्हतं आणि रोबोला दिसत नव्हतं. दोन महिने मी सर्च इंजिनला दोष देत होते आणि खोट माझ्या कामात होती. मी एकटीच हसत सुटले. मग लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन पुन्हा उद्यमनगर.

“तात्या, साईटवर लिहायचंय. आपण उसाचे चरक बनवतो असं. मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर.”

तात्यांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघितलं.

“असं लिवायचं? आमी? मॅडम, तीन पिढ्या झाल्या. आमी काय करतोय हे ह्या जिल्ह्यात कुनाला ठावं न्हाय? काल दुकान टाकल्यालं मानूस लिवतंय असं. लोक हसतील. म्हनतील, तात्याला आता सांगत फिरायची पाळी आली.”

हे नुसतं तात्यांचं नव्हतं. उद्यमनगरात तेव्हा जुन्या कारखान्यांची रीतच अशी होती. नाव सांगायचं, काम सांगायचं नाही. काम सांगावं लागलं म्हणजे नाव नाही असा अर्थ. मी वाद घालत होते, तात्या मान हलवत होते. एवढ्यात मागून जोती मिस्त्री हात पुसत आले. ते कधी मधे बोलत नसत.

“मालक, त्या बाईनं ऊस तरी बघितलाय का?”

“कुठल्या?”

“ती कॅनडाची. तिकडं बर्फ असतोय म्हनं. ऊसच न्हाय तितं. मग तिला आपलं नाव सांगून काय उपेग? तुमी नाव सांगत बसा. मी कालच घरात सांगून आलोय, दसऱ्यानंतर मी मोकळा हाय म्हनून.”

तात्या शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “सांग मग, जोती. तूच सांग मॅडमस्नी. मला न्हाय जमायचं ते.”

जोती मिस्त्री मला एका तयार चरकापाशी घेऊन गेले. मी म्हटलं, ऊस कधीच न बघितलेल्या माणसाला सांगताय असं सांगा. त्यांनी तसंच सांगितलं.

“हितनं ऊस घालायचा. ह्या तीन लाटा, लोखंडाचं रूळ. दोनीच्या मधनं ऊस जातोय, चेंबतोय, मग तिसरी परत दाबती. रस ह्या पन्हाळीतनं खाली. चिपाड पल्याड पडतंय, ते वाळवून चुलवाणाला जाळायचं. बैल नको, लहान मोटर पुरं. दगड आला तर ही चावी म्हंजे लहान पाचर तुटती, लाट वाचती. चावी हातानं बदलायची, दोन पान्यात काम. लाट झिजली तर टाकायची न्हाय, काढून लेथवर घ्यायची, परत पंधरा वर्सं. दोन मानसं चरक चालवत्यात. गुऱ्हाळ लहान आसंल त्यालाच हा चरक. मोठ्या कारखान्याला घिऊ नका, त्यास्नी पुरायचा न्हाय.”

“हे शेवटचं पण लिहू?” मी विचारलं.

“खरं हाय ते लिवा.”

मी ते सगळं इंग्रजीत उतरवलं. काही सजावट केली नाही, वाक्यंसुद्धा तेवढीच लहान ठेवली. लाटांचा, चावीचा, पन्हाळीचा एकेक फोटो काढला आणि प्रत्येकाखाली खरी अक्षरं टाईप केली. त्या काळी काही मंडळी रोबोला फसवायला पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शंभर वेळा तोच शब्द लिहीत. मला तसं करायची गरज पडली नाही. मिस्त्रींच्या बोलण्यात हवे ते सगळे शब्द आपसूक आले होते. आजोबा, वडील आणि देवी शेवटच्या पानावर गेले. त्यावर तात्यांशी आणखी एक दिवस वाद झाला. त्या पानावर देवी वर ठेवायची, आजोबा खाली, यावर तडजोड झाली.

मग हेलनबाईंना पत्र लिहिलं. दोनशे अर्जांबद्दल माफी मागितली. आमच्याकडे एखाद्याचं काम अडलं की गल्लीच्या गल्ली शिफारशीला जाते, यात लबाडी नाही, माया आहे, असं लिहिलं. आठ माणसांची भट्टी आहे हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, की तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता साईटवर आहे.

तीन आठवडे काही नाही. श्रावण लागला, श्रावण संपत आला. तात्या रोज दुपारी फोन करायचे. “आलं?” “नाही, तात्या.” फोन खाली. मोडेमला आणि फोनला एकच लाईन असल्यामुळे ते फोन करायचे तेव्हा माझं इंटरनेट बंद पडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि एका सकाळी नोंद दिसली. हेलनबाईंनी स्वतः एक ओळ लिहिली होती: ‘लहान गूळ उत्पादकांसाठी तीन लाटांचे उसाचे चरक, दुरुस्तीला सोपे, कोल्हापूर, भारत.’ मी प्रिंट काढून नेला. तात्यांनी तो लांब धरून दोनदा वाचला.

“आजोबांचं नाव न्हाय घेतलं बाईनं.”

“नाही घेतलं.”

“बरं. चरकाचं तर घेतलंय.”

पहिली चौकशी पंधरा दिवसांत आली. मी ई-मेल उघडला आणि कुठल्या देशाची म्हणून पत्ता बघितला. कुरुंदवाड! तिथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा बंगलोरला नोकरीला होता. त्यानं नेटवर शोधून वडिलांना सांगितलं होतं. वडील दुसऱ्याच दिवशी कारखान्यात हजर. तात्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, “पावणं, तुमाला आमी म्हाईत नव्हतो?”

“नाव म्हाईत हुतं की,” पाहुणे म्हणाले. “वीस वर्सं ह्या दारावरनं जातोय. मला वाटायचं, तुमी इंजिन दुरुस्त करता.”

तात्या उठले आणि पाहुण्यांना थेट तयार चरकापाशी घेऊन गेले. पाहुण्यांनी चरक घेतला. पुढच्या आठवड्यात आफ्रिकेतल्या एका लहान शेतकरी संघाचा ई-मेल आला. तेही गूळच करायचे. त्यांनी चावीबद्दल चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं जोती मिस्त्रींनी दिली. तीन चरक आणि सुट्या लाटा अशी ऑर्डर घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पक्की झाली. त्यांनी लिहिलं होतं, मोठ्या कारखान्यांनी हे यंत्र घेऊ नये असं तुम्ही स्वतःच सांगता, म्हणून तुम्हाला निवडलं.

खंडेनवमीला मला आमंत्रण होतं. भट्टीला झेंडूचे हार होते. तात्यांनी नारळ फोडला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “जोती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी वतायचं. लाटा लागनार हायत.” जोती मिस्त्रींनी नुसती मान हलवली आणि भट्टीच्या तोंडावरचं हळदकुंकू बोटानं सारखं केलं. माझे डोळे भरून आले. धूर होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन आण्णांना सांगितलं, भट्टी चालू राहतेय. त्यांनी एवढंच विचारलं, “साचा कोन करतंय?”

“जोती मिस्त्री.”

“मग चालंल,” म्हणाले आणि जेवायला बसले.

तालमीतल्या मंडळींना अजूनही वाटतं की काम त्यांच्या दोनशे फॉर्मांनीच झालं. तात्यांनी त्यांना पेढे वाटले तेव्हा मी तिथंच होते. मी खुलासा केला नाही, कारण माझी पुढची चार गिऱ्हाइकं त्यांच्याच ओळखीनं आली. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधी कारखान्यातल्या मिस्त्रीची गाठ घालून द्यायला सांगते. फॉर्म मी स्वतः भरते, एकदाच. तो कुठं भरायचा असतो, हे मात्र कुणाला सांगत नाही.